पहिल्या पंगतीतली जागा

माझी नणंद हर्षला हिला पसारा बघवत नाही. स्वतःच्या कपाटातला नाही, तो तिला छान बघवतो. दुसऱ्याचा बघवत नाही.

ती कामाला जाते लोधिवलीला, रूपेशच्या शेडमध्ये. तिथं पाण्याच्या पंपांसाठी डबे बनतात. डब्यात एक हिरवी पट्टी, तिच्यावर नखाएवढी चिप आणि भोवती वायरींचं जंजाळ. पंप कधी चालू करायचा, कधी बंद करायचा, हे तो डबा ठरवतो. कर्जत-खालापुरातल्या कितीतरी फार्महाऊसवर हे डबे बसलेत, आणि यंदा होळीनंतर आमच्या वाडीच्या पंपघरातही एक बसला. रूपेश तसा देवमाणूस, पण त्याच्या फाइली उघडल्या की हर्षलाच्या अंगात ताप भरायचा.

कसल्या फाइली, ते मी तिला एकदा जेवताना विचारलं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला कळेपर्यंत समोरच्याला सोडायचं नाही ही माझी खोड आहे.

"त्या चिपला डोळे नसतात, वहिनी," ती म्हणाली. "आत लिनक्सचा कर्नेल असतो, तो सगळा कारभार बघतो. पण आपल्याला काय काय जोडलंय, कुठल्या पत्त्यावर, कुठल्या तारांवर, ते त्याला आपसूक कळत नाही. फाइलीत लिहून सांगावं लागतं. एकेका वस्तूची एकेक नोंद, तिला नोड म्हणतात. सगळे नोड मिळून एक झाड होतं, वंशावळीसारखं."

"आणि एखादी नोंद लिहायची राहिली तर?"

"तर ती वस्तू त्याच्या लेखी जगात नाही."

मला लगेच समजलं, कारण माझा नवरा स्वप्नील असाच आहे. फ्रिज उघडून उभा राहतो, दही डोळ्यांसमोर असतं, आणि कुणी सांगेपर्यंत ते त्याला दिसत नाही.

रूपेशची पद्धत अशी, की नवा डबा करायचा झाला की फार्महाऊसच्या डब्याची फाइल घ्यायची, तिची नक्कल मारायची आणि वरून थोडी ठिगळं लावायची. शिवाय नोड लावायचे ते मानाप्रमाणे. टाकीत पाणी किती आहे हे सांगणारा सेन्सर सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्याचा नोड सगळ्यात वर. मग मोटरीचा. उरलेले आले-गेले पाहुणे खाली, कसेही.

"ते झाड नाहीये," हर्षला म्हणायची, "लग्नातली मानपानाची यादी आहे." जगभरातली कर्नेलवाली माणसं नोड पत्त्याच्या क्रमानं लावतात. पत्ता म्हणजे एक आकडाच, लहान आधी, मोठा नंतर. सगळ्या डब्यांना लागणारं सामाईक ते एका फाइलीत, आणि ज्याचं त्याचं वेगळं ते ज्याच्या त्याच्या फाइलीत. तिनं रूपेशकडून परवानगी काढली आणि पदर खोचून कामाला लागली. पदर म्हणजे म्हणायचं, ती जीन्स घालते.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

माझे सासरे, नामा, वाडीचा पंप चालवतात. नदीकाठी विहीर, विहिरीवर पंपघर आणि मागच्या टेकाडावर टाकी. टाकी भरली की मोटर बंद करायची, उतरली की चालू करायची. एरवी सकाळ-संध्याकाळ एकेक फेरी मारली की झालं. पण चैत्रात गावदेवीचा भंडारा असतो त्या दिवशी तसं चालत नाही. अख्खी वाडी जेवते, शिवाय लेकी-जावई आणि शेजारच्या वाड्या. तांदूळ धुण्यापासून भांडी घासण्यापर्यंत नळ वाहत असतात, आणि बाबांना सकाळपासून पंपघरातच बसावं लागतं. देवीचा नैवेद्य झाला की पहिली पंगत बसते. गावात पहिल्या पंगतीला मान आहे. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून बाबा तिच्यात कधी बसलेले मी पाहिले नाहीत, आणि माझ्या आधीही ते कधी बसले नव्हते.

पण माझ्या सासूबाई, सोनुबाई, दरवर्षी त्यांची जागा धरतात. मांडवाच्या पहिल्या खांबाशी बाप्यांच्या रांगेत बाबांचा धुतलेला टॉवेल अंथरतात आणि स्वतः समोर बायकांच्या रांगेत पहाऱ्याला बसतात. तिथं पत्रावळ मांडायला लावतात, सगळं वाढायला लावतात. पंगत उठली की ते पान जसंच्या तसं डब्यात भरतात आणि डबा पंपघरावर पाठवतात. पहिल्या पंगतीचं अन्न माणसाला मिळालंच पाहिजे, असा त्यांचा हिशोब. पोचेपर्यंत ते गार होतं, ती गोष्ट वेगळी.

शेजारच्या इंदूबाई यावरून दरवर्षी भांडतात. रिकाम्या जागेला वाढता आणि माझा जावई उभा, हे त्यांचं म्हणणं. आईंचं उत्तर ठरलेलं. "यायचाय माणूस."

म्हणून पंपाचा डबा बसला तेव्हा हर्षलानं बाबांना शब्द दिला. "यंदा पंपघरात बसायचं नाही. टाकीकडे डबा बघेल. तुम्ही पहिल्या पंगतीला बसायचं."

"बगू," बाबा म्हणाले. डबा होळीपासून बिनबोभाट चालला होता, तरी ते रोज जाऊन त्याच्यासमोर बसायचे. नव्या जावयावर लक्ष ठेवावं तसं. पण भंडाऱ्याच्या आठवड्यात त्यांनी पांढरा सदरा इस्त्रीला दिला. आईंनी ते पाहिलं आणि दिवसभर उगाच गुणगुणत राहिल्या. मला तेव्हाच वाटलं, आता हे नाही जमलं तर या घरात कुणाला जेवण जाणार नाही.

आणि हर्षलानं घोळ घातला.

आमच्याकडे सणाच्या आधी सगळं साफ होतं. देऊळ धुतात, वाल काढून मोकळ्या झालेल्या शेतात मांडवासाठी सारवतात, बायका घरातली तांब्याची भांडी चिंचेनं घासतात. हर्षलाला वाटलं, आपण का मागे राहायचं. तिची नवी फाइल तयार होती, पत्त्याच्या क्रमानं लावलेली, सामाईक वेगळं काढलेली, बघत राहावी अशी. शेडमध्ये टेबलावर फार्महाऊसच्या डब्यात घालून तिनं ती चालवून पाहिली होती. भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी ती पंपघरात गेली आणि गावाच्या डब्यातही तीच घालून आली.

"देवीच्या दिवशी डब्यात रूपेशचा पसारा कशाला?" मला म्हणाली. टाकी तेव्हा काठोकाठ भरलेली होती, त्यामुळे रात्रभर कुणाला काही कळलं नाही.

भंडाऱ्याच्या सकाळी बाबा सदरा घालून, टोपी लावून मांडवात खुर्चीवर बसले होते. लोक येऊन बोलत होते, "नामाभाऊ, आज हितं?" आणि बाबा हसत होते. तेवढ्यात स्वयंपाकाकडून धाऊची आरोळी आली. धाऊ आमचा आचारी. तांदळाच्या मोठ्या पातेल्यात त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत, आणि नळाला पाण्याचा टिपूस नाही.

हर्षलानं मोबाइल पाहिला. टाकीत पाणी किती, या प्रश्नावर डबा काहीच बोलत नव्हता. आणि माहीत नसेल तर मोटर चालू करायची नाही, असं तिनंच त्याला शिकवलेलं.

बाबा उठले. रागावले नाहीत, तेच वाईट. "मशिनीचं काय गं, मानसागत असतं. एकादा दिस नाय जमत," म्हणाले आणि सदऱ्याची बटणं काढत नदीकडे चालू लागले. आईंच्या काखेत घडी केलेला टॉवेल होता.

मी हर्षलाला स्कूटीवर घालून पंपघर गाठलं. आमच्यामागून बाबा आले आणि त्यांनी हातानं मोटर लावली. पाणी चढायला लागलं. स्वयंपाकाची अडचण तिथंच संपली होती, खरं तर. संपली नव्हती ती आमची. बाबा सदरा खुंटीला अडकवून, बनियनवर, पालथ्या बादलीवर बसले. दरवर्षी बसतात तसे.

"वहिनी, टेकाडावर जाऊन बघ, माकडांनी सेन्सरची वायर ओढली असेल," हर्षला लॅपटॉप उघडत म्हणाली.

मी साडी सावरत उन्हात टेकाड चढले. टाकीवर एक माकड बसलं होतं, शेजारून वायर गेली होती, आणि दोघांचं एकमेकांशी काही वैर नव्हतं. खाली आले तोवर तिनं इकडचा जोड काढून परत लावला होता, डबा बंद करून चालू केला होता आणि नखं खाल्ली होती. शेवटी तिनं रूपेशला फोन लावला. तो भंडाऱ्यालाच यायला निघालेला, चौकात गाडी थांबवून बोलत होता.

"जुनी फाइल टाक आणि मोकळी हो," तो म्हणाला.

"ती कशी काय चालत होती, ते सांग आधी."

"मानाचा सेन्सर मानाच्या जागी होता म्हणून," रूपेश म्हणाला आणि हसला.

तो चेष्टा करत होता, पण हर्षलानं तेवढ्यावर फोन ठेवला. कर्नेल जागा होताना काय काय केलं ते ओळीनं लिहून ठेवतो, ते ती आता सावकाश वाचायला लागली. आधी तिनं नुसतं चाळलं होतं, रागात.

"मिळालं," ती म्हणाली. "सेन्सरला दोन तारा लागतात. त्या दुसऱ्यानं धरून ठेवल्यात."

"कुणी?"

"पडद्यानं."

फार्महाऊसच्या डब्याला आकडे दाखवणारा छोटा पडदा असतो. शहरातल्या लोकांना तो आवडतो. मी भिंतीवरच्या डब्याकडे पाहिलं. "इथं कुठाय पडदा?"

"नाहीच आहे ना." तिनं कपाळावर हात मारला. "फार्महाऊसच्या डब्यात या दोन तारा पडद्याकडे जातात. गावाच्या डब्याला पडदा नको होता, म्हणून रूपेशनं त्याच तारा सेन्सरला दिल्या. पण नक्कल मारताना पडद्याचा नोड फाइलीत तसाच राहिला, चालू म्हणून. कर्नेल फाइलीत वरून खाली जातो. सेन्सर वर होता तोवर त्याला तारा आधी मिळायच्या, पडदा मागून यायचा आणि हात हलवत परत जायचा. कुणाला पत्ता नाही. मी पत्त्याच्या क्रमानं लावलं, तर पडद्याचा पत्ता निघाला लहान. तो आला आधी. म्हणजे आला कुठला, तो येणारच नाही. पण जागा त्याची धरली गेली, आणि खरा आलेला सेन्सर बाहेर उभा."

"म्हणजे आईंचा टॉवेल," मी म्हणाले.

हर्षला खदखदून हसली. मीही हसले. दोघींना हसू आवरेना, इतका वेळ जीव टांगणीला लागल्यावर येतं तसलं.

"कसला टावेल?" बादलीवरून बाबा म्हणाले.

आमचं हसू जागच्या जागी थांबलं. मी हर्षलाकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. ज्या वाडीत कुणाची म्हैस फळली ते चहा व्हायच्या आत सगळ्यांना कळतं, त्या वाडीत ही गोष्ट बाबांना कुणी सांगितलीच नव्हती. प्रत्येकाला वाटलं असणार, त्यांना माहीत असेल. आणि आई स्वतःहून सांगणाऱ्यातल्या नाहीत.

मग मीच सांगितलं. पहिल्या खांबाशी टॉवेल अंथरतात ते. समोर पहाऱ्याला बसतात ते. पत्रावळीवर मिठापासून बुंदीपर्यंत सगळं वाढून घेतात आणि पंगत उठल्यावर ते पान डब्यात भरतात ते. इंदूबाईंचं भांडणही सांगितलं, चालीसकट.

बाबांनी मध्ये एकदाच विचारलं. "त्यो डबा पानातला हाय? मना वाटलं, पातेल्यातला."

"पहिल्या पंगतीच्या पानातला, बाबा."

"दर साली?"

"मी आल्यापासून तरी दर साली."

बाबा मोटरीकडे बघत राहिले. मोटर आपली गुरगुरत होती. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी हर्षलाला उगाच दरडावून विचारलं, "तू काय करतेयस? काढून टाकलास का तो पडदा?"

"काढायचा नाही. फार्महाऊसवाल्यांना लागतो तो." तिची बोटं चालूच होती. "सामाईक फाइलीत सगळ्यांना बंद म्हणून लिहायचं. नोंद राहते, पण कुणी जागा अडवत नाही. मग ज्या डब्यात जो खरंच हजर असेल, त्याला त्या डब्याच्या फाइलीत चालू म्हणायचं. कर्नेलवाल्यांची रीतच आहे ती. मी क्रमाच्या नादात हीच विसरले."

डबा बंद होऊन पुन्हा चालू झाला. हर्षला लॅपटॉपवर सरकणाऱ्या ओळींना नाक लावून बसली होती. टाकी अर्धी भरली आहे, असं डब्यानं सांगितलं. "बाबा, हातानं बंद करा मोटर," ती म्हणाली. बाबांनी बंद केली. एकदम शांत झालं, नदीकाठचे बगळेसुद्धा ऐकू येतील इतकं. मग डब्यात टक् असं वाजलं आणि मोटर आपली आपण सुरू झाली.

एरवी बाबा म्हणाले असते, बसतो जरा, बगतो. मी ते ऐकायच्या तयारीनंच उभी होते. हर्षलाही.

बाबा उठले, विहिरीच्या कठड्याशी तोंड धुतलं, सदरा घातला. बटणं लावताना मला म्हणाले, "तुजी गाडी तिगांना नेल का गं?"

न्यायला नको होतं, पण तिनं नेलं. मध्ये बाबा, मागे लॅपटॉप पोटाशी धरून हर्षला, आणि बांधावरची पोरं टाळ्या पिटत होती.

पाण्यापायी स्वयंपाकाला उशीर झाला होता, म्हणून पंगतही उशिरा बसली होती. आम्ही मांडवाशी पोचलो तेव्हा पत्रावळी मांडून झाल्या होत्या, स्वप्नील भाताची परात घेऊन रांगेच्या तोंडाशी उभा होता, आणि पहिल्या खांबाशी इंदूबाई कमरेवर हात ठेवून बोलत होत्या.

"सोनुबाय, उचल गं तो टावेल. माजा जावई हुबा हाय."

"यायचाय माणूस," आई म्हणाल्या. पण या वेळी त्यांचा आवाज बसका होता.

"इतकी वर्सं येतोच हाय त्यो."

आजूबाजूला हसले लोक. इंदूबाईंचं चूक नव्हतं. सकाळी नळाचं पाणी गेलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, नामाभाऊ नदीकडे गेलेले पाहिले होते. आईंनीही पाहिलं होतं. त्या समोरच्या रांगेतून उठल्या, मधली वाट ओलांडून आल्या, खाली वाकल्या आणि त्यांनी टॉवेलाचं एक टोक हातात धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या तो उचलणार होत्या. मी हाक मारायला तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ दे गं," मागून बाबा म्हणाले. "आलो मी."

आई वाकलेल्या तशाच राहिल्या. मग सरळ झाल्या आणि बाबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बटनं वरखाली लावलीत," म्हणाल्या.

इंदूबाईंनी स्वतःच जावयाचा दंड धरून त्याला मागे ओढला. "तू दुसऱ्या पंगतीला बस रं. नामाभाऊंची जागा हाय ती." बाबांनी टॉवेल उचलून खांद्यावर टाकला आणि मांडी घातली. शेजारच्या दोघांनी गुडघे आवरून त्यांना ऐसपैस जागा करून दिली. हर्षला मोबाइल बघत होती. टाकी भरत आली होती, तिनं मला दाखवलं, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं.

स्वप्नीलनं भात वाढला. वडलांना वाढताना त्याचा हात एवढा सैल सुटला की पत्रावळीवर डोंगर झाला. त्यावर आमटी आली. बाबांनी कालवलं, पहिला घास तोंडात घातला, आणि घाईनं तोंड उघडून फू-फू केलं.

"गरम हाय गं," ते समोर बघून म्हणाले.

"गरमच असतोय तो," आई म्हणाल्या, आणि शेजारी ठेवलेला रिकामा डबा त्यांनी पिशवीत खाली सारून दिला.